कर्जमुक्तीचं काम, सावकारीचे रोखे

आमचं प्रतिष्ठान कर्जात बुडालेल्या कुटुंबांसाठी काम करतं. समुपदेशक त्या कुटुंबाबरोबर बसतात, सगळी देणी एका कागदावर मांडतात, कुठलं आधी फेडायचं ते ठरवतात, कर्ज देणाऱ्या कंपन्यांशी बोलून हप्ते आवाक्यात आणतात. हा सगळा खर्च कायमनिधीच्या उत्पन्नातून चालतो. संस्थापकांनी ठेवलेल्या मुद्दलाला हात लावायचा नाही, त्यावर जे मिळेल त्यातून काम करायचं. मी या निधीच्या गुंतवणूक समितीवर आहे. मला तिथे घेतलं ते हिशेबाच्या अनुभवामुळे. समुपदेशनाच्या खोलीशी माझा फारसा संबंध नव्हता, आणि खरं सांगायचं तर समितीतल्या कुणाचाच नव्हता.

विश्वस्तांच्या वार्षिक बैठकीत आमच्या सर्वांत ज्येष्ठ समुपदेशक बाईंनी विषय काढला. त्यांच्याकडे येणाऱ्या माणसांच्या कागदांवर एका कंपनीचं नाव पुन्हा पुन्हा दिसत होतं. कर्ज छोटं, मुदत थोडी, व्याज अवाच्या सवा, आणि हप्ता चुकला की जुनं फेडायला त्याच कंपनीचं नवं कर्ज. बाईंनी विचारलं, "आपला निधी या कंपनीत नाही ना?" खजिनदार म्हणाले, "छे, आपण कशाला असल्या ठिकाणी जाऊ?" सल्लागाराने मात्र वहीत काहीतरी टिपलं आणि बघून सांगतो म्हणाला. मला त्याच्या त्या सावधपणाचं कौतुक वाटलं.

बघून सांगणं सोपं नव्हतं. दर तिमाहीला आमच्याकडे येणाऱ्या अहवालात समभाग किती टक्के, रोखे किती टक्के आणि प्रत्येक फंडातली दहा मोठी नावं असायची. त्या दहांच्या खाली शेकडो नावं असतात, ती आम्ही कधी मागितलीच नव्हती. मागितल्यावर फंडांनी ती पाठवली, काहींनी चटकन, काहींनी दोन-दोन स्मरणपत्रांनंतर, आणि तीही जुन्या तारखेची. यादीत कंपनीचं नाव शोधलं तर सापडेना. खजिनदारांचा चेहरा उजळला.

पण कर्जदाराला माहीत असलेलं नाव आणि रोख्यावर छापलेलं नाव एकच असेल असं नसतं. पुष्कळ कर्ज-कंपन्या दिलेली कर्जं स्वतःकडे ठेवत नाहीत. हजारो छोट्या कर्जांची मोट बांधून ती त्यासाठीच स्थापन केलेल्या एका वेगळ्या संस्थेला विकतात. ती संस्था कर्जदारांच्या येणाऱ्या हप्त्यांच्या जोरावर रोखे काढते आणि ते फंडांना विकते. कंपनीला ताबडतोब रोख पैसा मिळतो, तो ती पुन्हा कर्जाऊ देते. अशा संस्थांची नावं म्हणजे नुसती अक्षरं, आकडे आणि साल. त्यांची माहितीपत्रकं उघडून, मूळ कर्जं कुणी दिली हे पाहावं लागतं. मी आणि सल्लागाराच्या कार्यालयातली एक तरुण मुलगी, आम्ही दोघींनी ते केलं. शेवटी दोन ठिकाणी धागा लागला. जादा परतावा देणाऱ्या एका रोखे-फंडात त्या कंपनीचे स्वतःचे रोखे होते, आणि ज्या अल्पमुदतीच्या फंडाला आम्ही 'सुरक्षित' म्हणत होतो, त्यात तिच्या कर्जांच्या मोटेचा एक तुकडा होता.

रक्कम किरकोळ होती. पण बाईंच्या समोर बसलेला माणूस जो हप्ता भरत होता, त्यातला कणभर भाग फिरून आमच्याकडे येत असण्याची पूर्ण शक्यता होती, आणि आमच्याकडून तो बाईंच्या पगारात जात होता. हे मी बैठकीत सांगितलं तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही. मग खजिनदारांनी विचारलं, "टक्के किती?"

हा प्रश्न पुढे सतत येणार होता, म्हणून मी समितीपुढे इंग्लंडच्या चर्चची गोष्ट ठेवली. जुलै 2013 मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी वोंगा या झटपट कर्ज देणाऱ्या कंपनीला जाहीर आव्हान दिलं: चर्च सहकारी पतसंस्थांना बळ देईल आणि स्पर्धेनेच तुम्हाला बाजारातून घालवेल. वोंगाचा जाहिरातीतला वार्षिक दर 5000 टक्क्यांहून जास्त होता. लगेचच फायनान्शियल टाइम्सने छापलं की चर्चचाच पैसा नव्या कंपन्यांत गुंतवणूक करणाऱ्या एका व्हेंचर फंडामार्फत वोंगात आहे. चर्चच्या काही अब्ज पौंडांच्या निधीपुढे ही रक्कम अगदीच चिमूटभर होती, सुमारे 75000 पौंड. तरी ती काढून घ्यायला 2014 चा जुलै उजाडला, कारण अशा फंडातला एकच तुकडा वेगळा करून विकता येत नाही. आर्चबिशपांना जे मान खाली घालून ऐकून घ्यावं लागलं, ते टक्केवारीवर अवलंबून नव्हतं. खजिनदारांना मी एवढंच म्हणाले, की आपली टक्केवारी त्यांच्यापेक्षा जास्त आहे.

आता नकाराची यादी करू आणि मोकळे होऊ, असं बहुतेकांना वाटलं. तंबाखू नको, शस्त्रं नकोत, जुगार नको; तसं 'कर्ज देणाऱ्या कंपन्या नकोत'. सल्लागार म्हणाला, अशी चाळणी तयार मिळते. बाईंनी ती एका वाक्यात उडवून लावली: "मग माझ्या माणसांना कर्ज द्यायचं कुणी?"

या वाक्याने आमच्या कामाची दिशा बदलली असं मी म्हणेन. धूम्रपानाविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेला तंबाखू वगळणं सोपं आहे. त्या धंद्याचं भलं रूप असं काही नाही. कर्जाचं तसं नाही. घरात आजारपण निघालं, कामाचं यंत्र बिघडलं, तर रास्त व्याजाने मिळालेलं कर्ज माणसाला तारतं. आम्हाला त्रास देणारी गोष्ट कुठल्याही उद्योगाच्या नावाखाली मावत नव्हती. ती कर्ज देण्याच्या आणि वसूल करण्याच्या पद्धतीत होती. ती पद्धत गुंतवणूक समितीतल्या एकालाही नीट सांगता आली नसती.

सल्लागाराने मग त्या कंपनीचं ईएसजी (पर्यावरण, समाज आणि कारभार यांचं) मानांकन आणलं. ते चांगलं निघालं! बाई चिडल्या, पण मला त्यात नवल वाटलं नाही. अशी बरीच मानांकनं मुख्यतः एवढंच मोजतात, की पर्यावरणाच्या, समाजाच्या किंवा कारभाराच्या प्रश्नांमुळे कंपनीच्या नफ्याला किती धोका आहे. कर्ज-कंपनीचं कार्यालय वीज कमी वापरतं, संचालक मंडळावर स्वतंत्र सदस्य आहेत, ग्राहकांची माहिती सुरक्षित आहे, तर गुण मिळतात. कंपनीमुळे कर्जदाराचं काय होतं, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो तिथे क्वचितच विचारला जातो. 'जबाबदार' असं लिहिलेला फंड घेतला की काम झालं असं मानणाऱ्या विश्वस्तांनी निदान हा फरक तरी समजून घ्यावा.

शेवटी निकष बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिले. त्यांनी खोलीत येणाऱ्या कागदांवरून सुरुवात केली. कर्ज देण्याआधी कंपनी माणसाची फेडण्याची ऐपत खरोखर तपासते का, की त्याच्या खात्यातून पैसे आपोआप कापून घेण्याची सोय आहे एवढ्यावर भागवते? थकलेलं कर्ज नव्या कर्जाने फिरवते का? वसुलीला माणसं कशी वागतात, नातेवाइकांना फोन करतात का? आणि सगळं मिळून किती परत घेते? या शेवटच्या प्रश्नावर बरीच चर्चा झाली, कारण व्याजाचा वार्षिक दर छोट्या मुदतीच्या कर्जात फसवा ठरतो. ब्रिटनच्या नियामकाने जानेवारी 2015 पासून अशा कर्जांवर दिवसाला 0.8 टक्के आणि सगळे आकार धरून मुद्दलाइतकी, अशी कमाल मर्यादा घातली. म्हणजे 100 घेतलेल्याकडून 200 हून जास्त वसूल करायचे नाहीत. मराठी वाचकाला दामदुपट सांगायची गरज नाही. आम्ही तीच रेषा धरली, वर एक अट घातली की दुपटीपर्यंत जाणं हा कंपनीचा नेहमीचा धंदा नसावा, अपवाद असावा.

हे निकष कुठल्याही तयार चाळणीत बसत नाहीत. प्रत्येक कर्ज-कंपनीचा कागद हातात घेऊन वाचावा लागतो. म्हणून समितीची रचनाच बदलली: दोन समुपदेशक मताच्या अधिकारासह समितीवर आले. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातला टिकाऊ बदल तेवढाच. फंड आज घेतले, उद्या विकले जातात.

खजिनदारांचा विरोध मात्र कायम होता, आणि तो हलका नव्हता. त्यांचं म्हणणं: निधीचं काम जास्तीत जास्त मिळवणं, आणि मिळवलेल्यातून चांगलं काम करणं हे कार्यक्रमाच्या बाजूचं. दोन्ही मिसळलं की दोन्ही बिघडतं. शिवाय त्यांनी कुठेतरी 'मिशन हेजिंग'चा युक्तिवाद वाचला होता. अर्थशास्त्रात तो खरोखर मांडला गेला आहे. ज्या धंद्यामुळे तुमचा प्रश्न वाढतो, त्यातच पैसा ठेवा. म्हणजे प्रश्न वाढेल तेव्हा तुमच्या हातात पैसाही जास्त येईल. ऐकायला विचित्र वाटतं, पण हवामानासाठी काम करणाऱ्या संस्थेने तेल-कंपन्यांत पैसा ठेवण्याच्या बाबतीत काही अंशी पटण्यासारखं आहे.

आमच्या बाबतीत मात्र तो उलटा पडतो. कर्जबाजारी माणसांची रांग कधी वाढते? नोकऱ्या जातात तेव्हा. नोकऱ्या जातात तेव्हा हप्ते थकतात, आणि हप्ते थकले की याच कंपन्यांचे रोखे आणि कर्जांच्या मोटा आधी कोसळतात. म्हणजे ज्या वर्षी आम्हाला पैसा सर्वांत जास्त लागणार, त्याच वर्षी ही गुंतवणूक आम्हाला दगा देणार. मी हे जुन्या मंदीच्या काळातल्या किमती काढून दाखवलं. खजिनदारांनी आकडे घरी नेले आणि पुढच्या बैठकीत म्हणाले, "या दोन फंडांपुरतं मान्य. तत्त्व म्हणून नाही." माझं त्यावर काही म्हणणं नव्हतं.

आमचा वकील मात्र तत्त्वावर बोलला. विश्वस्तांना नैतिक आवडीनिवडीसाठी परतावा सोडता येतो का, हा प्रश्न न्यायालयांपुढे आलेला आहे. इंग्लंडमध्ये 1991 साली ऑक्सफर्डचे बिशप रिचर्ड हॅरीज यांनी, गुंतवणूक नैतिक मूल्यांना धरून व्हावी म्हणून, चर्चच्याच निधीविरुद्ध दावा लावला. ते हरले. पण निकालात एक गोष्ट स्पष्ट झाली: गुंतवणूक संस्थेच्या उद्देशालाच थेट छेद देत असेल तर विश्वस्त ती टाळू शकतात, कर्करोग-संशोधनाची संस्था आणि तंबाखूचे समभाग, हे उदाहरण न्यायाधीशांनीच दिलं. 2022 मध्ये बटलर-स्लॉस प्रकरणात तिथल्याच उच्च न्यायालयाने हवामानाच्या प्रश्नावर काम करणाऱ्या दोन न्यासांना गुंतवणुकीचा मोठा भाग वगळणारं धोरण स्वीकारायला मोकळीक दिली. अट अशी, की विश्वस्तांनी संभाव्य आर्थिक नुकसान आणि उद्देशाशी असलेला संघर्ष दोन्ही नीट तोलले पाहिजेत. अमेरिकेत कर खात्याने 2015 मध्ये खाजगी प्रतिष्ठानांना असंच सांगितलं: उद्देशाशी नातं लक्षात घेऊन गुंतवणूक निवडली आणि परतावा थोडा कमी आला, तेवढ्याने ती बेजबाबदार ठरत नाही. वकिलाने बजावलं की हे निकाल सगळीकडे बंधनकारक नाहीत, आपला न्यासपत्राचा मसुदा आणि आपला कायदा आधी. मात्र 'तोलल्याचा' कागद ठेवा, हा सल्ला कुठेही लागू पडतो. आमच्या इतिवृत्तात त्यामुळे खजिनदारांचा आक्षेप शब्दशः नोंदवलेला आहे, आणि त्याला दिलेलं उत्तरही.

बाहेर पडण्याआधी कंपनीशी बोलावं, असा एका विश्वस्ताचा आग्रह होता. समभाग असते तर आम्ही मतदान केलं असतं, ठराव मांडला असता. पण आमच्याकडे रोखे होते, तेही फंडातून. रोखेधारकाला मत नसतं; त्याचं बळ एवढंच, की पुढच्या वेळी कंपनी पैसे मागायला येईल तेव्हा नाही म्हणायचं. फंडातल्या छोट्या वाटेकऱ्याकडे तेही नाही. आम्ही अशाच इतर काही प्रतिष्ठानांबरोबर मिळून फंडाच्या व्यवस्थापकाला पत्र लिहिलं. उत्तर सभ्य आणि निरुपयोगी आलं. मग दोन्ही फंड सोडले. अल्पमुदतीच्या फंडाला पर्याय लगेच मिळाला. जादा परताव्याच्या फंडाला आमच्या निकषांसारखे निकष मानणारा पर्याय शोधला, तो शुल्काने महाग निघाला, आणि आम्ही त्यात पूर्वीपेक्षा कमी पैसे ठेवले.

इथपर्यंत सगळं नकाराचं झालं. अमेरिकेतल्या हेरॉन फाउंडेशनच्या मंडळाने 1996 मध्ये स्वतःलाच विचारलं होतं की आपण प्रतिष्ठान आहोत, की वरकमाई दान करणारी एक खाजगी गुंतवणूक कंपनी? फोर्ड फाउंडेशनने 2017 मध्ये सुमारे 12 अब्ज डॉलरच्या निधीतून 1 अब्ज डॉलरपर्यंत रक्कम दहा वर्षांत उद्देशाशी जोडलेल्या गुंतवणुकीत वळवण्याचं जाहीर केलं. त्यात परवडणारी घरं होती आणि गरिबांपर्यंत पोचणाऱ्या वित्तसेवाही. आमचा आकार त्यांच्या पासंगालाही पुरणारा नाही. प्रश्न मात्र तोच होता.

बाई ज्या पतसंस्थेकडे माणसं पाठवायच्या, ती महागडं कर्ज उचलून रास्त दराचं करून द्यायला तयार होती, फक्त अशा माणसांचा कर्जाचा इतिहास पाहून तिचे संचालक कचरायचे. आम्ही दोन गोष्टी केल्या. एक, तिथे बाजारभावाच्या व्याजाने ठेव ठेवली. दुसरी, अशा बदली कर्जांच्या बुडिताचा पहिला ठरावीक हिस्सा सोसण्याची हमी दिली. हमीत पैसे पतसंस्थेला द्यावे लागत नाहीत. ते आमच्याकडेच सुरक्षित रोख्यांत राहतात, त्यांचं व्याज आम्हालाच मिळतं; कर्ज बुडालं तरच जातात.

याच टप्प्यावर खजिनदार एकदम उत्साही झाले, आणि मला त्यांची खरी किंमत कळली. त्यांनी ठणकावून सांगितलं की ठेव ही गुंतवणूक, पण हमी हे अनुदान. दोन्ही एकाच वहीत मांडू नका. बाजारभावाने परतावा मिळत असेल तर निधीच्या खात्यात घाला. सवलत देत असाल तर तिला सवलत म्हणा आणि कार्यक्रमाच्या अंदाजपत्रकातून द्या. नाहीतर परतावा कमी आला की 'सामाजिक काम केलं' आणि काम फसलं की 'ती गुंतवणूक होती' अशी दोन्हीकडून पळवाट तयार होते. अमेरिकेच्या 1969 च्या करकायद्यात ही रेघ ओढलेली आहे: ज्या गुंतवणुकीचा मुख्य हेतू धर्मादाय आहे आणि उत्पन्न हा महत्त्वाचा हेतू नाही, तिला वेगळं नाव आहे आणि खाजगी प्रतिष्ठानांनी दरवर्षी निधीच्या जे किमान 5 टक्के कामावर खर्च करायचे असतात, त्यांत ती धरता येते. आम्ही हमीची रक्कम ठरवताना एकच कसोटी लावली. सगळीच्या सगळी एका वर्षात गेली तर कुठलं समुपदेशन बंद पडेल? काहीही बंद पडणार नाही अशी रक्कम येईपर्यंत आकडा खाली आणला. लेखापरीक्षकाने तरतूद दाखवायला लावली, ती दाखवली.

धोरणाचा कागद आता चार पानांचा आहे. त्यातलं एक कलम अजून लटकलेलं आहे. इतर संस्था 'कंपनीच्या उत्पन्नाचा इतक्या टक्क्यांहून जास्त भाग अशा धंद्यातून येत असेल तर ती नको' अशी मर्यादा घालतात. वोंगाच्या वेळी इंग्लंडच्या चर्चची महागड्या कर्जासाठीची मर्यादा 25 टक्के होती, नंतर ती 10 वर आणली. बाईंना हे मान्य नाही. एखाद्या प्रचंड बँकेच्या उत्पन्नातला जेमतेम 2 टक्के भाग अशा कर्जांतून येत असेल, तरी माणसांच्या संख्येने तीच सर्वांत मोठी झटपट-कर्ज कंपनी असू शकते. टक्केवारीने कंपनी किती स्वच्छ आहे ते कळतं, नुकसान किती मोठं आहे ते कळत नाही. मला हे पटतं. पण अशी एक बँक आमच्या निर्देशांक-फंडात, म्हणजे बाजाराच्या निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्या जशाच्या तशा घेणाऱ्या फंडात, वरच्या नावांत आहे, आणि तिला वगळायचं तर स्वस्तातला तो अख्खा फंडच सोडावा लागेल.

पुढच्या बैठकीसाठी बाईंनी त्या बँकेच्या कर्जदारांचे कागद, नावं झाकून, वाटायला दिले आहेत. सल्लागाराला एक बँक वगळून बाकी निर्देशांक धरायला किती खर्च येईल तो आकडा आणायला सांगितलं आहे. तिथे आमच्याकडे समभाग आहेत, त्यामुळे बोलून बघण्याची सोय या वेळी आहे. मतदान आमच्या वतीने करशील का, असं फंडाला विचारलं आहे. खजिनदार बँक ठेवण्याच्या बाजूने मत देणार हे त्यांनी आधीच सांगून टाकलं आहे.